प्राचार्यांचा रोजचा फोन

माझा नवरा गेला हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना कळवलं गेलं. संस्थेच्या अध्यक्षांना, सचिवांना, ज्युनिअर-सीनिअर दोन्हीकडच्या स्टाफला, अगदी गावाकडे अडकून पडलेल्या लॅबमधल्या मामांनासुद्धा. कळवलं नाही ते फक्त मला. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल, आणि तेव्हा त्याच दवाखान्यात, नवऱ्याच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर नाकाला नळी लावून पडले होते. लोक म्हणतात, तुमच्या भल्यासाठीच केलं. केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण आपला माणूस गेला तर ते आपल्याला कुणीतरी समोर बसून, तोंडाने सांगावं, हे मागणं काय जगावेगळं आहे? मला तेवढंच हवं होतं. आणि मी त्याची वाट बघत पडून राहिले.

आमचं कॉलेज सांगलीच्या विश्रामबागेतलं. आमचे हे तिथेच भूगोल शिकवायचे. माझं माहेर कवठे महांकाळकडचं, सासर सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी खंडाळ्याकडचं. दोन्हीकडे पाऊस नाही म्हणूनच पत्रिका जुळली, असं ते सांगत सुटायचे, माझ्या बापासमोरसुद्धा. मी तोंडाची फटकळ, ते थट्टेखोर. स्टाफरूममध्ये आमची भांडणं ऐकायला माणसं चहा घेऊन थांबायची.

आणि आमचे प्राचार्य. भौतिकशास्त्राचा माणूस, नाकासमोर चालणारा. त्यांना माणसांशी बोलणं जमायचं नाही, सूचना काढणं जमायचं. ‘सर्वांना कळविण्यात येते की’ असं म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडून वाक्य निघत नसे. सांगलीत पुराचं पाणी शिरलं, निम्मा स्टाफ दुसऱ्यांच्या गच्चीवर अडकला, तेव्हाही त्यांचा मेसेज आला होता की सर्वांना कळविण्यात येते की पाणीपातळी वाढत असून कोणीही घाबरून जाऊ नये. आमचे हे म्हणाले, हा माणूस सूर्य उगवल्याचीही सूचना काढेल आणि खाली शिक्का मारेल. पण खरं सांगायचं तर त्या पुरात प्रत्येकाला फोन करून कुठे आहात, काय लागतंय हे विचारणाराही तोच होता. फोनवरही सूचनेच्याच भाषेत विचारत होता, एवढंच.

कॉलेजचा एक ग्रुप होता. सगळ्या कॉलेजांचे असतात तसा. सकाळी शुभ प्रभात, फुलं, सुविचार, मग परिपत्रकं, मग कुणाचा तरी वाढदिवस. आणि कुणी गेलं की रांग. आधी प्राचार्य सरांचा मेसेज यायचा, ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’, आणि मग त्याच्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, तीस-चाळीस वेळा. कुणाच्या चुलत सासऱ्यांचं असलं तरी चुकवायचं नाही. न टाकणाऱ्याचं नाव लक्षात राहायचं. एकदा इंग्रजीच्या बाईंनी घाईघाईत दुःखाच्या बातमीखाली अंगठा टाकला होता, तर महिनाभर त्यांना तोंड वर काढायची सोय उरली नव्हती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या रांगांना खंडच पडेना. सकाळी फोन हातात घ्यायची भीती वाटायची.

मग आम्हाला दोघांनाही झालं. आधी त्यांना ताप, दुसऱ्या दिवशी मला. मिरजेत बेड मिळवून दिले ते सरांनीच. कुणाकुणाला फोन केले, कुणाच्या हातापाया पडले देव जाणे. लेक साताऱ्यात, पदरात तान्हं मूल. तिला यायचं नाही म्हणून आम्हीच बजावलं. म्हणून दवाखान्याने नातेवाइकाचा नंबर म्हणून लिहून घेतला तोही सरांचाच.

पहिल्या दिवशी आम्ही एकाच वॉर्डात होतो. दुसऱ्या दिवशी ह्यांचा श्वास फुलायला लागला आणि त्यांना वर अतिदक्षता विभागात न्यायचं ठरलं. लिफ्टपाशी चाकाची खुर्ची थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मास्क जरा खाली ओढला आणि म्हणाले, “घाबरू नकोस. जितकं वर जावं तितकी हवा चांगली.” भूगोलाचा मास्तर असून हे चुकीचं बोलताय, असं मी म्हणणार होते. दम लागला म्हणून राहिलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सरांचा फोन. “मॅडम, सरांची ऑक्सिजन पातळी स्थिर आहे. डॉक्टर समाधानी आहेत. काळजी नसावी.” संपलं. मी काही विचारायच्या आत फोन बंद. मला तेव्हा त्या माणसाचा राग यायचा. अहो, बाई विचारतेय नवऱ्याचं, दोन शब्द माणसासारखे बोलाल का? पण त्याच कोरड्या आवाजाने मला झोपही लागायची. जो माणूस एक अक्षर जास्तीचं बोलत नाही तो खोटं कशाला बोलेल, असं वाटायचं.

मग एके दिवशी सकाळी ग्रुपवर शुभ प्रभात आलं नाही. एकाचंही नाही. नऊ वाजले, दहा वाजले, अळीमिळी गुपचिळी. मी वर सरकवून बघितलं तर एक बारकी ओळ दिसली. प्राचार्यांनी ग्रुपची सेटिंग बदलली होती, आता फक्त अॅडमिनलाच मेसेज टाकता येणार होते. मला वाटलं, परीक्षांवरून कुणीतरी वाद घातला असेल. आमच्यात वाद घालणाऱ्यांची काही कमी नाही. दुपारी सरांची सूचना आली, ऑनलाइन तासिकांचा अहवाल शनिवारपर्यंत सादर करावा. बरं वाटलं मला. अहवाल मागतायत म्हणजे जग जागेवर आहे.

संध्याकाळी फोन आला. पलीकडून आवाज आला, “ताई, जेवलात का?”

इतक्या वर्षांत त्या माणसाने मला ताई म्हटलं नव्हतं. मॅडम, नाहीतर ग्रंथपाल मॅडम. आणि जेवलात का हे तर त्यांनी कुणालाच विचारलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, जेवले, हे कसे आहेत? तर म्हणाले, चांगले आहेत ताई, आज थोडा भात खाल्ला त्यांनी. भात खाल्ला हे सांगणारा हा माणूस कोण? काल तर नुसते आकडे सांगत होता.

तरी मी मनाला गप्प बसवलं. माणूस बदलतो म्हटलं, आजारपणात बदलतो. पण तासाभरात कॉमर्सच्या विभागप्रमुखांचा मेसेज आला. ह्या गृहस्थाचं आणि माझं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. संदर्भग्रंथ घरी नेऊन परत न करण्यावरून मी त्यांना भर मीटिंगमध्ये धुतलं होतं, तेव्हापासून ते माझ्या वाऱ्याला उभे राहत नव्हते. त्यांनी लिहिलं होतं, ‘वहिनी, काही लागलं तर हक्काने सांगा. मी आहे.’ त्याच्यामागून इंग्रजीच्या बाई. मग ऑफिसातले हेडक्लार्क. मग एकेक करत सगळे. कशा आहात, काळजी घ्या, आम्ही आहोत. ह्यांच्याबद्दल एकानेही विचारलं नव्हतं. अतिदक्षता विभागात माणूस आहे आणि सर कसे आहेत हे चुकूनही कुणी विचारत नाही.

कळलं मला. फोन उशीखाली ठेवला आणि छताकडे बघत राहिले. त्या छताच्या वरच ते होते. आता तिथे दुसरं कुणीतरी असेल, एवढंच डोक्यात येत होतं. बेडसाठी रांगा होत्या तेव्हा. रडायला आलं नाही. नाकात नळी असताना रडलं की जीव कासावीस होतो, मशीन ओरडायला लागतं आणि सिस्टर धावत येते. आणि सिस्टर आली तर तिला काय सांगणार? मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ज्याची बातमीच आली नाही त्याच्यासाठी रडायचं तरी कसं?

मागाहून समजलं ते असं. ते गेल्याचा निरोप पहाटेच सरांना आला होता. माझी अवस्था तेव्हा नाजूक होती, डॉक्टर म्हणाले, हिला धक्का बसता कामा नये. लेकीने रडत रडत तेच सांगितलं, की आईला आत्ता सांगू नका, बाबा गेले, निदान आई तरी राहू दे. सरांनी सकाळी मला वगळून ऑनलाइन बैठक घेतली. सगळ्यांना सांगितलं की ताईंना हे समजता कामा नये, ही विनंती नाही, आदेश समजा. कॉमर्सचे विभागप्रमुखच मला हे सांगत होते. बैठकीत बोलता बोलता सरांनी कॅमेरा बंद केला, पण आवाज बंद करायचा राहिला, असंही म्हणाले. लेक लॉकडाऊनचा पास काढून साताऱ्याहून आली. स्मशानाच्या कुंपणाबाहेर ती आणि सर, दोघंच उभे होते. आणि नेहमीसारखी रांग लागली तर मी बघेन, म्हणून ग्रुपला कुलूप. सगळं शिस्तीत केलं होतं त्यांनी. फक्त माणसं एकदम प्रेमाने वागायला लागली की बाईला संशय येतो, हे त्यांच्या भौतिकशास्त्रात नसावं.

ते मेसेज आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज सरांना पकडायचं. फोन आला तसं विचारलं, सर, काल भात कशाबरोबर खाल्ला? म्हणाले, “वरणाबरोबर, ताई.” मी म्हटलं, त्यांना वरणभात आवडत नाही. तर म्हणाले, हो, तसं ते म्हणाले खरं, पण खाल्ला. काय हा माणूस! जन्मात खोटं बोलला नसेल आणि आता एकावर एक रचत चालला होता. संताप संताप झाला माझा. ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, बस करा, मला ठाऊक आहे, तुम्ही फक्त एकदा म्हणा. तोंडात आलेलं गिळलं. मीच बोलून मोकळी झाले असते तर त्यांनी हो म्हटलं असतं, सुटले असते. मला तसं नको होतं. त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं.

असे फोन येत राहिले. आणि एक विचित्र गोष्ट व्हायला लागली, ती सांगायची मला अजून लाज वाटते. मी संध्याकाळची वाट बघायला लागले. आज कूस बदलली. आज डोळे उघडून बघितलं. आज पेपर मागितला. मी विचारायची, मग दिला का? ते म्हणायचे, दिला, पण चष्मा नव्हता. चष्मा माझ्या पिशवीत आहे, पाठवून देऊ का, असं मी विचारलं. मी मुद्दाम विचारलं नव्हतं हो. त्या क्षणी मला खरंच वाटलं होतं की वर चष्मा पाठवायला हवा.

एकदा मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले का? सर सावकाश म्हणाले, “म्हणाले, तिला सांगा, काळजी करू नकोस, मी बरा होऊन येतो.” मला मोठ्याने हसू आलं आणि हसता हसता खोकला. आमचे हे असलं वाक्य सात जन्मात बोलले नसते. ते म्हणाले असते, तिला म्हणावं त्या सिस्टरशी भांडू नकोस, इंजेक्शन तिच्या हातात आहे. मी म्हटलं, बरं सर, त्यांना सांगा, माझंही बरं चाललंय. हो ताई, सांगतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर बराच वेळ मी तोंडावर चादर घेऊन पडले होते. शेजारच्या बेडवर जतकडची एक म्हातारी होती. तिने विचारलं, काय झालं गं पोरी? मी म्हटलं, काही नाही आजी, घरच्यांची आठवण आली.

लेकीचेही फोन यायचे. दोन वाक्यं बोलायची आणि म्हणायची, आई, बाळ रडतंय, ठेवते. बाळ रडत नव्हतं, ते मला ऐकू येत होतं. तिच्यावर मात्र मला कधीच राग आला नाही. तिचा बाप गेला होता आणि तिला आईच्या गळ्यात पडायची सोय नव्हती. मी तरी काय केलं? नीट खा, दूध पी, अंगावर पाजतेस ना, हेच बोलत राहिले. मायलेकी दोघीही एकाच माणसासाठी आतून फुटत होतो आणि फोनवर दुधाच्या गप्पा मारत होतो.

मला घरी सोडायचा दिवस आला. न्यायला सर स्वतः आले. गाडीच्या सगळ्या काचा खाली, मी मागे, ते पुढे, दोघांच्या तोंडावर दोन-दोन मास्क. माणूस निम्मा झाला होता, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मिरज सुटलं. रस्त्याला कुत्रं नव्हतं. आता सांगतील, आता सांगतील, म्हणून मी त्यांच्या मानेकडे बघत बसले.

बऱ्याच वेळाने त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “ताई, सरांची तब्येत जरा जास्त आहे.”

आमच्या भागात ह्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. परगावच्या माणसाला गेल्याचा निरोप कधी तसाच देत नाहीत. ‘तब्येत जास्त हाय, निघून या,’ एवढंच सांगतात. ऐकणारा वाटेत सगळं समजतो आणि वेशीत शिरतानाच हंबरडा फोडतो. माझी आई गेली तेव्हा मलाही भावाने असाच फोन केला होता. ‘आक्का, आईची तब्येत लय जास्त हाय, ये तू.’ सांगलीपासून कवठे महांकाळपर्यंत एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि हे माझा हात धरून. सर बारामतीकडून आले होते की कुठून, मला आठवत नाही, पण त्यांच्याही गावात असंच सांगत असणार. शेवटी सूचना संपल्या, खोटं संपलं, आणि त्यांच्याजवळ एवढंच उरलं.

माझं रडू फुटेल आणि त्यांचं काम होऊन जाईल, अशी ते वाट बघत असावेत. मीही हट्टाला पेटले होते. नाही रडणार. तब्येत जास्त आहे, एवढ्यावर मी नाही भागवून घेणार. माझा माणूस आहे तो, त्याचं नाव घ्या, पुढचा शब्द उच्चारा.

विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांनी गाडी थांबवली. पुढे आमचं फाटक दिसत होतं आणि फाटकापासून इकडे रस्त्याच्या कडेने आमचा स्टाफ उभा होता, लांब लांब, खाली मान घालून. कॉमर्सचे विभागप्रमुखही होते. सरांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. “ताई,” म्हणाले. मग पुन्हा, “ताई.” चष्म्याच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. वर्गात तासन्‌तास बोलणारा माणूस, एक शब्द निघत नव्हता त्याच्या तोंडून. मला दिसलं की हे नाही सांगू शकणार. आज नाही, उद्या नाही. मला रागही येईना. दयाच आली.

मी म्हटलं, “सर, ते गेले.”

त्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू ती बातमी त्यांना पहिल्यांदाच कळत होती. आणि मग तो माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. मी पुढे वाकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असू द्या सर, म्हटलं. तुम्ही खूप केलंत. आपल्या हातात काही नव्हतं. गेलेल्याच्या घरी जाऊन माणसं जे जे बोलतात ते सगळं मी त्यांना बोलले.

बाहेरच्यांना गाडीत सर रडताना दिसले आणि त्यांना वाटलं, झालं, सांगून झालं. एकेकाच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला पुढच्या काचेतून दिसत होतं. दारात लेक उभी होती. तिलाही वाटलं, सरांनी सांगितलं. ती “आई” म्हणाली आणि मला येऊन बिलगली. त्यानंतर जे काही रडायचं ते आम्ही रडलो. पण त्यातही बाबा गेले हे शब्द कुणी उच्चारले नाहीत. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कशाला कोण बोलेल?

सर आता निवृत्त झालेत. दिवाळीला येतात, ताई म्हणतात, गुडघ्यांचं विचारतात. कॉमर्सवाल्यांनी सगळे संदर्भग्रंथ आणून दिले, कव्हरं घालून. ह्यांच्या आठवणी निघतात, हसणंही होतं. माझं कुणाशी वाकडं नाही. पण ते गेले हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. सरांना वाटतं, लेकीने घरात नीट समजावून सांगितलं असेल. लेकीला वाटतं, सरांनी.

परवा ती साताऱ्याहून आली होती. पोराला झोपवून माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, “आई, एक विचारू? सरांनी तुला त्या दिवशी कसं सांगितलं गं?”

मी म्हटलं, अगदी नीट सांगितलं. गाडी बाजूला घेतली, माझ्याकडे तोंड करून बसले, शांतपणे सगळं सांगितलं. मी रडले तर पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मला तर सांगवलंच नसतं.”